सत्तर हजारांचा व्हिडिओ गेम

२०२५ च्या भाऊबीजेला भाचा पुण्याहून आधी आजोळी, म्हणजे आमच्याकडे जळगावला आला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे धुळ्याला निघालो. नवीन बसस्थानकावर गाडीला वेळ होता. त्याने सॅकमधून दीड वीत लांबीची कडक पेटी काढली, चेन ओढली आणि आतले यंत्र माझ्या हातात ठेवले. मधोमध सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना मुठीत बसणारे फुगीर कान, अंगठ्यांसाठी दोन काड्या, चार रंगीत बटणे, मागच्या अंगाला तर्जनीखाली येणारे खटके. "व्हिडिओ गेम का रे?" मी विचारले. "मामा, हॅण्डहेल्ड कन्सोल म्हणतात," तो म्हणाला. किंमत विचारली तेव्हा त्याने आधी शेजारच्या बाकावर कोण बसले आहे ते पाहिले आणि आवाज खाली आणला. सत्तर हजार.

यंत्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीची यंत्रे आता चार-पाच कंपन्या काढतात आणि ती सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. ॲससने जुलै २०२३ मध्ये 'आरओजी ॲलाय' भारतात ६९,९९० रुपयांना आणला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने 'आरओजी एक्सबॉक्स ॲलाय' आला, तोही ६९,९९० लाच. त्याचा थोरला भाऊ १,१४,९९० ला. लेनोवो आणि एमएसआय यांचीही आहेत. निन्टेन्डोचा 'स्विच २' ५ जून २०२५ ला बाजारात आला आणि चार दिवसांत पस्तीस लाखांवर खपला, पण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. व्हॉल्व्हचा 'स्टीम डेक'ही नाही. ही दोन्ही इथे येतात ती कुणाच्या तरी बॅगेतून नाहीतर मोठ्या शहरांतल्या बाजारांतून, आणि वॉरंटीच्या जागी दुकानदाराचा शब्द असतो. सोनीचा 'प्लेस्टेशन पोर्टल' मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना इथे राजरोस आला. तो स्वस्त म्हणून घ्यायला निघालेल्यांना आधीच सांगून ठेवतो: तो मुळात घरातल्या प्लेस्टेशन ५ चा वाय-फायवर चालणारा दुसरा पडदा आहे. घरी पीएस ५ नसेल तर आपल्याकडे त्याचा उपयोग शोकेसपुरता.

गाडी लागली. खिडकीची जागा मी घेतली आणि यंत्र भाच्याने घेतले, कारण बांभोरीच्या पुलावर गिरणेला पाणी किती आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि त्याला पाणी पाहायचे नव्हते. त्याने मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. मेक्सिकोच्या वाळवंटात धूळ उडवत एक पिवळी गाडी निघाली. पडदा इतका लख्ख की पुढच्या बाकावरचे एक काका मान वळवून पारोळ्यापर्यंत तसेच बसून होते. मीही पाळधीच्या अलीकडे-पलीकडे हात साफ करून घेतला. खटका हळू दाबला तर गाडी हळू, पूर्ण दाबला तर पूर्ण वेगात. खडबडीत रस्ता आला की तळहाताला बारीक थरथर जाणवते. मोबाईलच्या काचेवर बोटे घासून खेळण्याशी याची तुलनाच नको. तिथे निम्मा पडदा आपल्याच अंगठ्याखाली झाकलेला असतो.

पण दोन गोष्टी त्याच प्रवासात कळल्या. पहिली वजनाची. सहाशे-सातशे ग्रॅम म्हणजे ऐकायला काहीच नाही. हात अधांतरी धरून अर्धा तास बसा, मग मनगट बोलू लागते. दुसरी बॅटरीची. जळगावहून निघताना शंभर टक्के होती. एरंडोलला सत्तर. पारोळ्याला पंचेचाळीस. फागणे आले तेव्हा आकडा लाल झाला होता आणि भाचा सॅकमध्ये चार्जर चाचपत होता. यात यंत्र बिघडले वगैरे काही नाही, हे साधे गणित आहे. साठ वॅट-तासांची बॅटरी आणि असा दणकट खेळ चालवायला लागणारे पंचवीसेक वॅट. भागाकार करा, अडीच तासही येत नाहीत. हलका खेळ लावला तर याच्या दुप्पट वेळ मिळतो. पण सत्तर हजार हलक्या खेळासाठी कोण मोजतो?

या ठिकाणी गुनपेई योकोई आठवतात. निन्टेन्डोचा हा अभियंता एकदा बुलेट ट्रेनने जात असताना शेजारचा कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून हातात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला, कॅल्क्युलेटरचाच पडदा वापरून. १९८९ मध्ये 'गेम बॉय'. योकोईंचा आग्रह असा की नवे, महागडे तंत्र घेऊ नका. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले घ्या आणि त्यातून नवी गंमत काढा. गेम बॉयचा पडदा हिरवट-करडा होता, त्यात दिवासुद्धा नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तास चालायचा आणि पडला तरी उठायचा. सेगाने त्याच्या विरोधात रंगीत, उजळ पडद्याचा 'गेम गिअर' आणला. सहा सेल आणि तीन ते पाच तास. बाजारात कोण टिकले ते सांगायला नको. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून जवळपास बारा कोटी खपले. आज भाच्याच्या हातात जे आहे ते गेम बॉयपेक्षा गेम गिअरच्या वंशातले जास्त वाटते. प्रवासासाठी घडवलेले, आणि जळगाव-धुळे हे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जेमतेम पुरणारे.

देवपुरात बहिणीच्या घरी पोचलो. तिच्या सासूबाई ओसरीवर गव्हातले खडे काढत होत्या. नातवाने कौतुकाने यंत्र त्यांच्या पुढ्यात धरले.

"हाई काय शे?"

"गेम आहे आजी."

"कितलाले लिधं?"

नातवाने पुन्हा आवाज खाली आणला, पण आजींचे कान शाबूत आहेत. त्यांनी सूप बाजूला ठेवले. "इतला पैसामा तं म्हैस उनी व्हती!"

सगळे हसले. मीही हसलो, पण आजींचा हिशेब मनातून गेला नाही. आपल्याकडे वस्तूची किंमत अशीच मोजली जाते, दुसऱ्या वस्तूत. खान्देशात ते दुसरे माप बहुतेक वेळा कापूस. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. म्हणजे हे यंत्र नऊ क्विंटल कापसाचे झाले, तेही हमीभाव पदरात पडला तर. व्यापाऱ्याने ओल दाखवून भाव पाडला तर दहा क्विंटल, अकरा क्विंटल. कोरडवाहू शेतकऱ्याच्या एक-दोन एकरांचे वर्ष त्यात बसते.

तरीही म्हशीचा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. भाचा शेतकरी नाही, पुण्यात नोकरी करतो, स्वतःच्या पगारातून हप्ते भरतो. त्याच्या वयाची पोरे सत्तर हजारांची मोटारसायकल घेतात, लाखाचा मोबाईल घेतात, तेव्हा घरात म्हशीचे नाव कुणी काढत नाही. मोबाईल 'कामाचा' आणि खेळ 'रिकामा' अशी विभागणी आपण करून ठेवली आहे. प्रत्यक्षात त्या लाखाच्या मोबाईलवर दिवसाकाठी काम किती आणि रील्स किती, हे ज्याने त्याने आपापल्या सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. मी पाहिले आणि गप्प बसलो.

म्हणून तुलना करायचीच तर ती मोबाईलशी करावी लागते, कारण मुलांच्या हातात आज खेळाचे यंत्र म्हणून मोबाईलच आहे. मोबाईलवरचे बहुतेक खेळ फुकट असतात आणि म्हणूनच महाग पडतात. आधी फुकट आत घ्यायचे, मग बंदुकीचा रंग बदलायला एकोणनव्वद रुपये, नव्या पोशाखाला दोनशे, आणि रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडाले. तो खेळ संपत नाही, कारण तो संपू नये अशीच त्याची रचना असते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकणारे पालक मला आठवतात. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नाव बदलून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. पालकांनी निःश्वास टाकणे सोडून दिले.

आणि पैशांचे खेळ. रमीच्या जाहिराती क्रिकेटच्या सामन्यात षटकागणिक दिसत होत्या, तोवर गावोगावी कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी शिक्षक भाऊ कर्जात बुडाल्याचे ऐकू येत होते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तर एका मंत्र्यांच्या मोबाईलवरची रमी राज्यभर गाजली; आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले, खाते मात्र बदलले. त्यानंतर महिनाभरात, ऑगस्टमध्ये, संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळ आणि जुगार यांच्यात रेघ ओढण्याचा प्रयत्न निदान कागदावर झाला.

या रेघेच्या अलीकडे भाच्याचे यंत्र उभे आहे, हे मान्य करायला हवे. इथे खेळ एकदा विकत घेतला की बहुधा घेतला. तो मध्येच थांबवता येतो, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करता येतो, आणि मुख्य म्हणजे त्याला शेवट असतो. त्याने मला 'बलात्रो' नावाचा पत्त्यांचा खेळ दाखवला. एकट्या माणसाने बनवलेला, २०२४ चा. पोकरचेच डाव, पण एक पैसा लावायची सोय नाही. डोके मात्र रमीपेक्षा दुप्पट चालवावे लागते. युरोपातल्या मानांकन संस्थेने पत्ते पाहून त्याला अठरा वर्षांवरचा शिक्का मारला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बारावर आणला. म्हणजे जुगार कुठे सुरू होतो याचा गोंधळ फक्त आपल्याकडेच आहे असे नाही.

मग त्याने 'राजी' लावला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, भिंतींवर लघुचित्रांच्या शैलीतली चित्रे, देवादिकांच्या गोष्टी. हा खेळ पुण्यात बनला, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओत. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी आला तो निन्टेन्डोच्या 'स्विच'वर. पुण्यात घडलेला खेळ, आणि तो आधी आला ते यंत्र पुण्याच्या दुकानात अधिकृतपणे मिळत नव्हते! नंतर त्यात हिंदी आवाज आले. मराठी अजून नाही. कॅनडातल्या एका तमीळ मुलाने केलेला 'वेंबा' नावाचा खेळ आहे, २०२३ चा, त्यात आईच्या फाटक्या वहीतल्या अर्धवट पाककृती जुळवून इडली करायची असते. त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. ते खेळताना वाटले, काड्यांवर वांगी भाजून, बडगीत ठेचून भरीत करायचा खेळ आपल्या विद्यापीठातल्या पोरांनी करायला काय हरकत आहे? कळण्याची भाकरी थापताना काठ फुटला की एक गुण वजा. असो.

आता ज्या गोष्टीवर खान्देशातल्या माणसाने सर्वांत आधी विचार करायला हवा तिच्याकडे येतो. ती म्हणजे ऊन.

या यंत्राच्या पोटात जी चिप आहे ती तापते. तिला गार ठेवायला आत छोटा पंखा असतो. तो मागून हवा ओढतो आणि वरच्या फटीतून बाहेर टाकतो. भाऊबीजेच्या हवेतसुद्धा फटीवर बोट धरले की गरम झोत लागत होता. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्व्हने जाहीर सांगितले की स्टीम डेक ० ते ३५ अंशांच्या हवेत उत्तम चालतो. त्यापुढे तो स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदी हद्द झाली की बंद होतो. निन्टेन्डोनेही २०२५ च्या उन्हाळ्यात स्विच २ वापरणाऱ्यांना हेच बजावले, ५ ते ३५ अंश. ॲससने २०२३ मध्ये कबूल केले होते की त्यांच्या यंत्रातला मेमरी कार्डाचा खाचा विशिष्ट परिस्थितीत उष्णतेने बिघडू शकतो.

पस्तीस अंश. जळगावात एप्रिलच्या मध्यावर सकाळचा चहा होईपर्यंत पारा तिथे पोचलेला असतो. मेमध्ये पंचेचाळीस, भुसावळला त्याहून थोडे वर, आणि रात्री बाराला गच्चीवर टाकलेली गादीसुद्धा पाठीला चटका देते. शाळांना सुटी नेमकी तेव्हाच. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मुले घरात कोंडलेली असतात आणि या यंत्राचा खरा उपयोग व्हायचा, त्याच दोन महिन्यांत ते कंपनीच्या स्वतःच्या मापाने वापरायला योग्य नाही. एसी असलेल्या खोलीत ठीक. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत एसी नसतो, कूलर असतो. पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, दुपारी दोनदा बादलीने पाणी. त्याच्या झोतासमोर बसावे तर हवा गार पण ओलसर, आणि ओल हा विजेच्या वस्तूंचा जुना शत्रू. झोतापासून दूर बसावे तर हवा चाळिशीची. त्यात काळ्या मातीची धूळ. जिनिंगच्या भागात कापसाचा उडता तंतू. पंख्याच्या बारीक जाळीत हे काय काय जाऊन बसेल याचा विचार ज्यांनी हे यंत्र आखले त्यांनी केला असेल असे वाटत नाही.

भाच्याचा प्रतिवाद मात्र लिहायला हवा. "मामा, लाईट गेली की तुमचा टीव्ही बंद, माझे चालू." खरे आहे. आणि भारनियमन आपल्याला नवीन नाही.

दुसरी अडचण डाउनलोडची. ती मोटारींची शर्यत शंभर जीबीच्या वर आहे. रोज दोन जीबीचा मोबाईल पॅक असलेल्याने सगळा डेटा यालाच दिला तर पन्नास दिवस. जळगाव-धुळे शहरांत आता फायबर आहे, ५जी आहे, तिथे एका रात्रीत उतरेल. पण चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या आतल्या गावात पन्नास दिवसांचेच गणित खरे. आणि इतके करून जे मिळते ते खऱ्या अर्थाने आपले नसते. खेळ खात्याला बांधलेला असतो. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला की अशा विक्रीत ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो, हे दुकानदाराने स्पष्ट सांगावे. स्विच २ च्या काही खेळांची कार्डे तर नुसती किल्ली असतात. कार्ड खाच्यात घातले तरी खेळ इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो.

इथे मला माझ्या लहानपणीची कॅसेट आठवल्याशिवाय राहत नाही. कॅसेट म्हणजे व्हिडिओ गेमची, पिवळी किंवा काळी, प्लास्टिकची. वर '९९९९९९ इन वन' लिहिलेले असायचे आणि आत वीसेक खेळ उलटसुलट. चालली नाही की तोंडात धरून फुंकर मारायची. त्याने खरेच काही होत होते का कोण जाणे, पण फुंकर मारल्याशिवाय कुणी लावत नसे. गल्लीत एकाकडे मारिओ, दुसऱ्याकडे कॉन्ट्रा. आठ दिवस तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. ज्याच्याकडे यंत्रच नाही तो पार्लरमध्ये रुपयाचे एक कॉइन घेऊन उभा राहायचा आणि दुसऱ्याचा डाव संपेपर्यंत त्याला शिकवायचा.

महागड्या वस्तूचा उपभोग आपण खान्देशात नेहमी असाच घेतला. पुस्तके परवडत नव्हती तेव्हा लोकांनी वाचनालये काढली, जळगावचे व. वा. वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय त्यातूनच उभे राहिले. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर कुणाच्या आवाक्यात होता? पण गणपतीत मंडळ वर्गणी काढून एका रात्रीसाठी 'व्हिडिओ' आणायचे आणि अख्खी गल्ली चादरी टाकून तीन सिनेमे पाहायची. शेजारच्या मालेगावात तर व्हिडिओ पार्लरांच्या जोरावर लोकांनी स्वतःचे सिनेमे काढले. वस्तू एकाची, मजा वीस जणांची.

सत्तर हजारांच्या या यंत्रावर माझा मुख्य आक्षेप किमतीचा नाही, तो इथे आहे. एका माणसाच्या दोन हातांत मावेल, एकाच माणसाला दिसेल आणि एकाच्याच खात्यावर चालेल असे ते बनवलेले आहे. एसटीत मान वाकडी करून पाहणाऱ्या काकांना त्यात जागा नाही.

पण पहिले मत बनवून मी थांबलो असतो तर चुकलो असतो. त्या संध्याकाळी ओवाळणी झाल्यावर भाच्याने एक वायर काढली, यंत्र टीव्हीला जोडले आणि सॅकमधून दोन सुटे पॅड काढले. हे आधी का नाही सांगितलेस, म्हटले, तर "तुम्ही बॅटरीच मोजत होता," म्हणाला. दहा मिनिटांत शेजारची तीन पोरे दारात. मग आणखी दोन. एक डाव तुझा, एक माझा, हरणारा उठणार. फुटबॉलच्या सामन्यावरून भांडण झाले, ते मिटले. बहिणीने फराळाचे ताट मध्ये ठेवले तेव्हा चकलीच्या तेलकट बोटांनी पॅड धरू नका म्हणून भाचा ओरडला. कुणी ऐकले नाही. रात्री साडेनऊला आजींनी मागून पडद्याकडे पाहत विचारले, "हाऊ पिवया गाडीवाला कोन शे?" तो त्यांचा नातू निघाला, शेवटून दुसरा.

म्हणजे वाटून खेळायची सोय या यंत्रात आहे, ती खोक्यावरच्या चित्रात नाही इतकेच. वायरचे हजारभर, दुसऱ्या पॅडचे दोन-तीन हजार, एवढे सत्तरात मिळवले की ते घरचे होते. नाहीतर ते एका पोराला घरातून आणखी थोडे दूर नेणारे साधन.

मग घ्यावे का? कमावता असाल, हप्ता स्वतः भरणार असाल, आधीपासून संगणकावर खेळत असाल आणि घरात किंवा वसतिगृहात गार खोली असेल, तर जरूर घ्या. खेळ म्हणून मोबाईलपेक्षा ही वस्तू कितीतरी सरस आहे. दहावी-बारावीच्या मुलाला चांगले गुण मिळाल्याचे बक्षीस म्हणून घेऊ नका. त्याच पैशांत बरा गेमिंग लॅपटॉप येतो, त्यावर तो प्रोजेक्टही करेल आणि खेळेलही. 'हा पूर्ण संगणक आहे' हे विक्रेत्याचे वाक्य खोटे नाही, पण सात इंचांवर एक्सेलची शीट उघडून पाहा आणि मग ठरवा. लहान मुलांसाठी तर प्रश्नच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली ती २०१९ मध्ये, आणि तिचा निकष साधारण वर्षभर हाताबाहेर गेलेल्या खेळण्याचा आहे; दिवाळीत चार तास खेळलेल्या पोराला आजारी ठरवायची घाई नको, पण मेहरूण तलावाची संध्याकाळ पडद्यापायी बुडत असेल तर यंत्र कोणतेही असो, ते महागच. बाहेरून आणलेला स्विच किंवा स्टीम डेक घेणाऱ्याने काडी बिघडली तर ती कोण दुरुस्त करणार, एवढे आधी विचारावे. स्विचच्या काड्या आपोआप सरकण्याचा दोष इतका पसरला होता की २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनीच माफी मागितली.

घाई नसेल तर एक उन्हाळा जाऊ द्या. ही यंत्रे दरवर्षी नवी येतात आणि जुनी उतरतात.

शेवटी जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानदारांना एक विनंती. काचेमागे सीलबंद खोके ठेवू नका. एक यंत्र उघडून काउंटरवर टीव्हीला जोडून ठेवा, दोन पॅड लावा, तासाचे काय ते भाडे घ्या. आणि बिलावर, मालाच्या नावाखाली, सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे ते लिहून द्या.